माझ्या पोटातलं बिऱ्हाड

मित्रांनो, या शेडमध्ये शिरल्यावर पाहुणे काय करतात ते मला आता पाठ झालं आहे. आधी ते "किती गार वाटतंय इथे!" असं म्हणतात. मग पन्हळीत डुलणाऱ्या हिरव्यागार रोपांपाशी थांबतात, पानांवरून हात फिरवतात, फोटो काढतात. मग टाक्यांत वाकून मासे बघतात. पंपाची घरघर ऐकून "यंत्र झकास आहे हं," अशी पावती देतात. आणि बाहेर पडता पडता कोपऱ्यात माझ्याकडे बघून नाक मुरडतात. तुम्ही आज थांबलाच आहात, तर माझंही ऐकून घ्या. मी एक जुना, निळा, प्लॅस्टिकचा ड्रम आहे. झाकणाला चीर आहे, बुडाखाली विटेचा टेकू आहे आणि स्वभावाने मी चिडका आहे. जन्मतः तसा नव्हतो. या घरातल्या माणसांनी मला तसं केलं.

माझा जन्म साच्यातला. माझी पहिली नोकरी सरबताच्या कारखान्यात होती. माझ्या पोटात साखरेचा पाक असायचा आणि तेव्हा माझा काय थाट होता! मला कुणी लोळवत नसे. दोन माणसं दोन बाजूंनी धरून मला अलगद उचलून ठेवत, वर स्वच्छ फडकं बांधत. मुंग्यासुद्धा माझ्याभोवती मान देऊन फिरत. मग एके दिवशी झाकणाला चीर गेली आणि मी भंगाराच्या ढिगावर जाऊन पडलो. तिथून मला एका सुताराने उचलून आणलं, भुसा भरायला. पाकावरून भुशावर! माझ्या नशिबाचे फासे उलटे पडायला तिथूनच सुरुवात झाली असं मला वाटलं होतं. पण खरं काम पुढेच होतं.

हा सुतार माणूस वाईट नाही. त्याचा कारखाना मोठ्या रस्त्यावर गेला आणि घरामागची ही जुनी शेड रिकामी पडली. त्याच्या बायकोने ती मागून घेतली. सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी मत्स्यपालनाचं शिक्षण घेऊन आली होती. तळं नको, नदी नको. ताडपत्रीच्या गोल टाक्यांत पाणी एकदा भरायचं, त्यात तिलापिया मासे सोडायचे आणि तेच पाणी साफ करून पुन्हा पुन्हा फिरवायचं, असं तिच्या मनात होतं. पहिल्या खेपेला तिने नुसती जाळी आणि पंप लावला. पाणी फिरलं, पण साफ झालं नाही. सगळे मासे गेले. घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही.

तेव्हा सुतार शेडच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "हे बघ, मी काही तुझ्या वाटेत येणार नाही. पण माझ्या फळ्या तिकडे उघड्यावर भिजून वाकड्या होतायत. आणखी एक खेप करून बघ. मासे विक्रीपर्यंत जगले तर ही शेड तुझी. नाही जगले, तर मी फळ्या आत आणणार."

"चालेल," वहिनी म्हणाली. पण सुतार गेल्यावर तिने रिकाम्या टाकीच्या काठावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मी भुशाने भरलेला होतो, कोपऱ्यात होतो. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यातला भुसा उपसला आणि मला भोकं पाडली, एक खाली, एक वर. दुखलं, पण तक्रार नाही. मग माझ्या पोटात भरायला बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचं हवी होती, पोतीच्या पोती. ती गोळा केली आबांनी. आबा म्हणजे वहिनीचे सासरे, बसचे जुने कंडक्टर. कोपऱ्यावरच्या दुकानापासून बसडेपोच्या उपाहारगृहापर्यंत त्यांनी एक जागा सोडली नाही. लाल, निळी, हिरवी, पिवळी बुचं घेऊन यायचे आणि माझ्यात ओतताना म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, आत खूप जागा आहे!"

आता तुम्ही विचाराल, बुचं कशाला? सांगतो, कारण हेच कुणाला ठाऊक नसतं आणि यातच सगळं माझं दुखणं आहे. मासे खातात, घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया नावाचं विष पाण्यात उतरतं. ते दिसत नाही, आणि वाढलं की माशांचे कल्ले जाळतं. ते विष खाणारे जीव जगात आहेत. डोळ्यांना न दिसणारे, जिवाणू म्हणतात त्यांना. पण ते मोकळ्या पाण्यात संसार मांडत नाहीत, त्यांना चिकटून राहायला भिंत लागते. बुचांना आतून बाहेरून भिंतीच भिंती! म्हणून वहिनी जिथे शिकली तिथून तिने जुन्या गाळाची एक बादली मागून आणली, माझ्यात ओतली आणि वाट बघत बसली.

मित्रांनो, बिऱ्हाड असं एका दिवसात लागत नाही. आधी बुचं नुसती बुळबुळीत झाली. मग त्यांवर तपकिरी साय धरली. एक कुटुंब अमोनिया खाऊन दुसरंच विष टाकायचं, दुसरं कुटुंब ते विष खाऊन त्याचं खत करायचं. एकाच्या घरचं खरकटं दुसऱ्याच्या घरचं जेवण. भांडण नाही, तंटा नाही. लाखो भाडेकरू माझ्या पोटात नांदू लागले आणि माझ्यातून खाली पडणारं पाणी माशांना पुन्हा पिण्याजोगं होऊ लागलं. वहिनी रोज काचेच्या नळीत पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची. पाणी हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. ज्या दिवशी नळी पहिल्यांदा पिवळी राहिली, त्या दिवशी तिने माझ्या पाठीवर थाप मारली. पाक भरत होते तेव्हाही मला कुणी अशी थाप मारली नव्हती.

आणि मग ती आली. रोपं! माझ्यातून निघालेलं खताचं पाणी वाया जाऊ नये म्हणून वहिनीने पुढे एक पन्हळ बसवली आणि तिच्यात पाण्यावर तरंगणारी रोपं सोडली. जलपर्णी, शिवाय मसुरीएवढ्या पानांची एक पसरट हिरवळ, आणि कडेला मनी प्लांटच्या वेली. कानामागून आली आणि तिखट झाली. आयतं खत मी पाठवायचं, वाढायचं त्यांनी. आणि येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "ही रोपं पाणी शुद्ध करतात, नाही का?" वहिनी म्हणायची, "हो, रोपंही करतात." त्या "ही"मध्ये मी होतो, मित्रांनो. एवढ्याशा "ही"मध्ये माझ्या लाखो भाडेकरूंची सगळी मेहनत बसवलेली होती.

तरी मी चालवून घेतलं. मासे वाढत होते. वहिनी टाकीवरून जाताना गुणगुणत होती. सुताराने फळ्यांचा विषय काढला नव्हता. मग सिस्टर आली.

सिस्टर म्हणजे सुताराची मोठी बहीण. जन्मभर मोठ्या इस्पितळात नर्स होती, निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली. घरात भाऊ तिला ताई म्हणतो, वहिनीही ताई म्हणते, पण आबा स्वतःच्या मुलीला सिस्टर म्हणतात आणि मलाही तेच सोपं वाटतं. तिच्या अंगाला साबणाचा वास. ती पाणी प्यायला बसली तरी आधी पेला धुवायची, मग हात धुवायची, मग ज्या नळाने हात धुतले तो नळ धुवायची. आबा म्हणायचे, "हिच्या तावडीत देव सापडला तर त्यालाही उकळून घेईल." पण तिच्या हाताला गुण होता. आबांच्या पायाची जुनी जखम तिनेच बरी केली. माणसं तिच्यावर जीव टाकायची, ते उगाच नाही.

आता यातली गोम ऐका. माझा सगळा जीव याच गोष्टीत अडकून कडवट झाला आहे.

सिस्टर आली तेव्हा वहिनीने तिला शेड दाखवली. टाक्या दाखवल्या, पंप दाखवला, रोपं दाखवली. माझ्यापाशी आल्यावर सिस्टरने विचारलं, "आणि यात काय आहे?"

वहिनी घुटमळली. जन्मभर जंतूंशी लढलेल्या बाईला, तीही मोठी नणंद, कसं सांगायचं की मी घरामागे जंतू पाळले आहेत म्हणून? तिला लाज वाटली. म्हणाली, "काही नाही ताई, गाळणीच आहे साधी."

गाळणी! मी साधी गाळणी! त्या क्षणी मला वाचा असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढे एक मोठा खानावळवाला मासे बघायला येणार असं ठरलं. त्याला पसंत पडले तर सगळी खेप तोच नेणार होता. त्याच्या आदल्या दिवशी वहिनी माशांचं खाणं आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. सिस्टरने विचार केला, पाहुणा येतोय, भावजय बिचारी एकटी राबते, आपण जरा हातभार लावू. मनात काडीचं वाईट नव्हतं. हेच तर जास्त जिवाला लागतं. वाईट मनाने कुणी काही केलं तर शिव्या तरी देता येतात.

तिने हातमोजे घातले, तोंडाला पट्टी बांधली, पदर खोचला. आधी रोपांची पाळी. काळपट, चिकट मुळं असलेली रोपं तिने वेचून बाहेर फेकली. उरलेल्यांची मुळं कात्रीने कापली, नखं कापतात तशी. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. म्हटलं, जरा उतरू दे यांचा तोरा. मग तिने माझं झाकण उघडलं.

"अगं बाई!" एवढंच ती म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

माझी सगळी बुचं तिने जमिनीवर ओतली. ब्लीचचं पाणी केलं. घासणीने एकेक मूठ बुचं घासली. माझं पोट आतून घासलं, अगदी बोट फिरवून बघितलं. आणि तिची शिस्त बघा, ब्लीच माशांना बाधेल म्हणून पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतलं, वास गेला की नाही ते हुंगून बघितलं. एकही बूच सुटलं नाही. माझ्या पोटातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं बिऱ्हाड मोरीतून तपकिरी पाणी होऊन निघून गेलं. मी ओरडत होतो. पण ड्रमचं ओरडणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बुचं परत आत आली तेव्हा ती दातांसारखी चकचकीत होती.

संध्याकाळी वहिनी आली. शेड लखलखत होती. माझी बाहेरची बाजूसुद्धा पुसलेली होती. तिने माझं झाकण उघडलं असतं तर! पण ती दमलेली होती, नणंदेने एवढं केलेलं बघून भारावली होती. तिने सिस्टरचा हात हातात घेतला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" म्हणाली. आणि सिस्टर? ती माझ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. का ठाऊक आहे? तिला वाटलं, भावजयीच्या ड्रमात केवढी घाण साठली होती ते तोंडावर बोलून दाखवलं तर ती लाजेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघींनी एकमेकींची अब्रू राखायला तोंडं मिटून घेतली आणि मधल्यामध्ये मी रिकामा झालो.

खानावळवाला आला. पाणी काचेसारखं नितळ बघून खूश झाला. "आठवडाभराने गाडी पाठवतो," म्हणाला. सगळ्यांनी चहा घेतला. रोपांचे फोटो काढले.

त्यानंतर दोनतीन दिवसांत माशांनी खाणं सोडलं. मग ते वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. वहिनीने आधी हवेचा पंप तपासला. तो ठणठणीत होता तरी बिचाऱ्याला खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. मग खाण्याच्या पोत्यावर संशय, मग खाणं विकणाऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी समोर उभा, पोटातून नुसतं पाणी जातंय, येतंय तसंच जातंय, आणि कुणाची नजर माझ्याकडे वळत नाही. मला सांगा, चिडू नको तर काय करू?

पहिले मासे पोटं वर करून तरंगले तेव्हा सुतार आत आला. त्याने खिशातून मापाची टेप काढली आणि भिंतीला लावली. फळ्या किती मावतील ते बघत होता. वहिनीने त्याच्याकडे पाठ केली. तिने काचेची नळी काढली, पाणी भरलं, थेंब टाकले. नळी हिरवीगार झाली. इतकी हिरवी मी कधी पाहिली नव्हती.

"अमोनिया?" ती स्वतःशीच म्हणाली. "पण ड्रम तर चालू आहे..."

आणि मग, अखेर, तिने माझं झाकण उघडलं.

लाल, निळी, हिरवी, पिवळी. नव्यासारखी. वहिनीच्या हातातून झाकण गळून पडलं.

"ताई!" तिची हाक ऐकून सिस्टर धावत आली. मागोमाग सुतारही येऊन उभा राहिला.

"ताई, हे तुम्ही धुतलंत?"

"हो. तू नव्हतीस तेव्हा. अगं, किती भयंकर घाण होती आत! तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही मी."

"घाण नव्हती ती! जंतू होते, चांगले जंतू. मी पाळले होते ते. त्यांच्या जोरावर मासे जगत होते, ताई."

"जंतू पाळलेस?" सिस्टरला खरंच कळेना. "मग तू मला गाळणी आहे म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही काय म्हणाल याची लाज वाटली म्हणून!"

सुताराच्या हातातली टेप खटकन मिटली. सिस्टरचा चेहरा पांढराफटक झाला. तिने माझ्यात हात घालून एक बूच उचललं, बोटांत फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वॉर्डात पाहिलंय मी हे. औषधांचा मारा जास्त झाला की पोटातले चांगले जंतूही मरतात. मग पेशंटला साधं खाणं पचत नाही. मला कळायला पाहिजे होतं." आणि ती मागच्या दाराने अंगणात निघून गेली.

वहिनी माझ्या बुडाशी जमिनीवर बसून रडायला लागली. सुताराने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती शिकली तिथून पुन्हा गाळ आणायचा तर तिथला मत्स्यपालनाचा विभाग मधल्या काळात बंद झाला होता. नवं बिऱ्हाड लागायला महिना जातो. माशांकडे तेवढा वेळ नव्हता.

आता अंगणात काय झालं ते मला आबांच्या तोंडून नंतर कळलं, कारण ते त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून झिजवलं आहे. अंगणात एक जुना बाथटब आहे, गिऱ्हाइकाच्या घरातून सुताराने काढून आणलेला. त्यात आबांनी वाकड्या शेपटीचे मासे सांभाळले होते. वहिनीने पिल्लांतून वेगळे काढलेले, "लंगडे" म्हणून आबांनी मागून घेतलेले. सिस्टर हात धुवायला तिथल्या नळाशी गेली. रडू आलं की ती हात धुते. तिची नजर टबावर गेली. पाणी गढूळ, वर काळपट रोपांची दाटी, आणि खाली लंगडे मासे मजेत हुंदडतायत.

"आबा, याचं पाणी कधी बदललंत?"

"बदलायचो ग रोज. पण तू ती रोपं फेकलीस ना, मला बघवेना. हिरवं असं फेकतात का? आणून टाकली यात. तेव्हापासून पाठ दुखते म्हणून नाही बदललं. का? लंगडे तर खूश आहेत."

सिस्टरने टबात हात घातला. हातमोजे न घालता. मुळं वर काढली, दोन बोटांत चोळली. बुळबुळीत, तपकिरी साय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझे भाडेकरू गेले नव्हते, मित्रांनो. सगळे नव्हते गेले. माझ्यातून रोज निसटून पुढे पन्हळीत जाणारे किती तरी जण त्या रोपांच्या मुळांशी घर करून राहिले होते. ज्या रोपांचा मी इतके दिवस राग राग केला, त्यांच्याकडे.

सिस्टर आत आली ती दोन्ही हात कोपरांपर्यंत काळ्या चिखलाने माखलेली. सुतार तिच्याकडे बघतच राहिला. आपल्या बहिणीला असं त्याने जन्मात पाहिलं नसावं.

"वहिनी, ऊठ. रडायला नंतर वेळ काढू. हे बघ, यात आहेत का तुझे जंतू?"

वहिनीने मुळं बघितली, वास घेतला आणि डोळे पुसले. "आहेत. पण थोडेच आहेत, ताई. सगळ्या माशांना नाही पुरणार."

"मग पेशंटचं खाणं बंद. तोंडातून काही द्यायचं नाही. खाल्लं नाही तर घाण नाही, बरोबर? अजून काय करतात?"

"थोडं थोडं पाणी बदलायचं. नळाचं, पण त्यातलं क्लोरीन उडून जाईपर्यंत साठवून ठेवलेलं. आणि मीठ घालायचं, बेताने, म्हणजे माशांना विष कमी बाधतं."

"आणि तू काय उभा आहेस?" सिस्टर भावावर ओरडली. "ती टेप ठेव खिशात आणि बादल्या आण."

सुताराने टेप ठेवली आणि बादल्या आणल्या. आबांनी आपला टब रिकामा करून दिला, फक्त लंगड्यांपुरतं पाणी आणि एक जुडी मुळं ठेवून. सिस्टरने मुळं माझ्या तोंडावर पिळली. चिखलाचं पाणी बुचांवरून ठिबकत आत उतरलं. मग तिने ती मुळंच माझ्या पोटात कोंबली, जखमेत कापूस भरतात तशी. आबा बाजूला उभे राहून म्हणाले, "पुढे सरका, आत सगळंच रिकामं आहे." हसलं कुणी नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मासे मरत होते. रोज थोडे, पण मरत होते. वहिनी ते जाळीने काढायची आणि सिस्टर तिच्यासोबत उभी राहायची. खानावळवाल्याला थांबायला सांगितलं. तो कुरकुरला. मी माझ्या परीने जोर लावत होतो. पण ड्रमाच्या जोराने काय होतं? बिऱ्हाड आपल्या गतीने वाढतं. माझ्या हातात फक्त जागा देणं होतं, तेवढं मी दिलं. इतका असहाय वैताग मला भंगारातही आला नव्हता.

मग एका सकाळी सिस्टरनेच नळीत पाणी घेतलं. आता तीच घ्यायची. हिरवा रंग फिका झाला होता. दुसऱ्या सकाळी आणखी फिका. आणि मग एकदा नळी पिवळी राहिली. वहिनीने चिमूटभर खाणं टाकलं आणि मासे त्यावर असे तुटून पडले की दोघींच्या तोंडावर पाणी उडालं. सिस्टरने ते पाणी पुसलं नाही.

निम्म्याहून जास्त मासे वाचले. उशिराने का होईना, खानावळवाल्याची गाडी येऊन ते घेऊन गेली. जाताना त्याने माझ्यात डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं. "मासे चांगले आहेत हो. पण हे एकदा ब्लीचने धुऊन घ्या."

सिस्टर माझ्यापुढे येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पेशंट आहे तो." आणि तिने इस्पितळातून आणलेल्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर पेनाने लिहिलं, "धुऊ नये", आणि माझ्या पोटावर चिकटवला. दमट हवेत ती पट्टी सारखी सुटते. सिस्टर सारखी नवी चिकटवते. चिकटवताना हात क्षणभर तसाच ठेवते, नाडी बघावी तसा.

तरी मी समाधानी झालो असं समजू नका. पाहुणे अजून रोपांचेच फोटो काढतात. तुम्हीही काढले असतील, मी बघितलं नाही असं नाही. मात्र आता त्यांच्याबद्दल मी फार बोलत नाही. त्यांच्या मुळांशी माझी माणसं राहतात.

काल सुतार आत आला आणि त्याने खिशातून मापाची टेप काढली. म्हटलं, आल्या फळ्या आत. त्याने ती टेप भिंतीला लावली नाही. माझ्या शेजारी लावली. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, "एवढी जागा पुरेल का ग दुसऱ्या ड्रमाला? पुढच्या खेपेला मासे वाढव. फळ्यांचं बघतो मी काहीतरी."

तेव्हा मित्रांनो, माझ्या शेजारी एक नवा ड्रम येणार आहे. चकचकीत, तरुण, कशातलं काही न कळणारा. वहिनी त्यात बुचं भरेल, सिस्टर माझ्यातली साय काढून त्याला देईल आणि हळूहळू त्याच्या पोटातही बिऱ्हाड लागेल. बाहेरून मात्र ते घाणच दिसेल. उद्या तुमच्यापैकी कुणी चांगल्या मनाने, हातात घासणी घेऊन त्याच्यापाशी आलं, तर तो ओरडेल आणि ते तुम्हाला ऐकू येणार नाही. म्हणून मी आताच सांगून ठेवतो. घासणी खाली ठेवा आणि ज्याचा ड्रम आहे त्याला आधी विचारा, "यात कोण राहतं?" आणि ज्याला विचाराल, त्याने लाजायचं नाही, खरं सांगायचं.